नाणी साठवणाऱ्या कंपन्या आणि बिटकॉइनचा भाव

ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोस्ट्रॅटेजी या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने आपल्या शिलकीतले २५ कोटी डॉलर बिटकॉइनमध्ये गुंतवल्याचे जाहीर केले. त्या पैशांत तिला २१,४५४ नाणी मिळाली, म्हणजे एक नाणे साधारण ११,६५० डॉलरला पडले. व्याजदर शून्याजवळ आहेत, मध्यवर्ती बँका बाजारात भरमसाट पैसा ओतत आहेत, अशा काळात रोख रक्कम जपून ठेवणे म्हणजे तिची क्रयशक्ती दरवर्षी घटू देणे होय, असे कंपनीचे तेव्हाचे प्रमुख मायकेल सेलर यांचे म्हणणे होते. इथवर हा धाडसी, पण समजण्याजोगा निर्णय होता. मात्र शिलकीतली रोकड संपल्यावर कंपनी थांबली नाही. ती बिटकॉइन घेण्यासाठी कर्ज काढू लागली, नवे शेअर विकू लागली, फेब्रुवारी २०२५ मध्ये नाव बदलून नुसती 'स्ट्रॅटेजी' झाली आणि त्या वर्षाच्या अखेरीस तिच्याकडे ६ लाख ७० हजारांहून अधिक नाणी जमली होती. बिटकॉइनची एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे कधीच जाणार नाही, हे लक्षात घेतले तर भविष्यात निघणारी नाणी धरूनही तीन टक्क्यांहून अधिक माल एकट्या या कंपनीच्या हाती आला आहे.

तिचे पाहून जगभरच्या शेअर बाजारात नोंदलेल्या शंभराहून अधिक कंपन्या या वाटेला लागल्या आणि २०२५ च्या उत्तरार्धात त्यांच्याकडची एकत्रित नाणी दहा लाखांच्या घरात गेली. एवढे मोठे खरेदीदार एकमेकांशी चढाओढ करत असतील तर भाव वाढणारच, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्ण चुकीचा नाही. पण या कंपन्यांना खरेदी करणे नेमके कशामुळे परवडते, हे पाहिल्याशिवाय त्या समजातले खरे किती आणि खोटे किती, हे कळत नाही.

त्यासाठी एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिच्याकडे १०,००० नाणी आहेत आणि एका नाण्याचा भाव एक लाख डॉलर आहे, म्हणजे तिची मालमत्ता १०० कोटी डॉलरची झाली. तिचे एक कोटी शेअर आहेत. तेव्हा एका शेअरमागे १०० डॉलरची नाणी आहेत. आता समजा, बाजारात हा शेअर २०० डॉलरला विकला जातो आहे. कंपनीने या भावाने दहा लाख नवे शेअर विकले तर तिला २० कोटी डॉलर मिळतील आणि त्यांतून २,००० नाणी घेता येतील. आता तिच्याकडे १२,००० नाणी आणि एक कोटी दहा लाख शेअर झाले. पूर्वी दर हजार शेअरमागे एक नाणे होते, आता सुमारे १.०९ आहे. नवे शेअर काढले की जुन्या भागधारकाचा हिस्सा पातळ होतो, हा नेहमीचा नियम. इथे मात्र जुन्या भागधारकाच्या वाट्याला आलेली नाणी नऊ टक्क्यांनी वाढली. ही वाढ कुठल्याही उत्पादनातून किंवा सेवेतून आलेली नाही. शंभर डॉलरच्या नाण्यांसाठी दोनशे डॉलर मोजणाऱ्या नव्या भागधारकाने ती दिलेली आहे.

शेअरचे बाजारमूल्य आणि त्यामागच्या नाण्यांचे मूल्य यांच्या गुणोत्तराला या क्षेत्रात 'एमनॅव' म्हणतात. आपल्या उदाहरणात ते दोन होते. ते एकाच्या वर आहे तोवर नवे शेअर विकून नाणी घेणे जुन्या भागधारकांच्या फायद्याचे असते आणि जितके जास्त वर, तितका फायदा मोठा. या साऱ्या चढाओढीचे इंजिन हे गुणोत्तर आहे. बिटकॉइनवरची श्रद्धा वगैरे गोष्टी त्यामागून येतात.

शंभराच्या वस्तूला कोणी दोनशे का मोजावेत, हा प्रश्न रास्त आहे. सुरुवातीच्या काळात याला एक व्यावहारिक कारण होते. अनेक निधी आणि संस्थांना आपल्या नियमांमुळे थेट बिटकॉइन घेता येत नव्हते, शेअर मात्र घेता येत होते. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत बिटकॉइनच्या स्पॉट ईटीएफना, म्हणजे प्रत्यक्ष बिटकॉइन बाळगणाऱ्या आणि शेअरसारख्या विकत घेता येणाऱ्या निधींना, परवानगी मिळाली आणि हे कारण बरेचसे गळून पडले. दुसरे कारण कर्जाचे. कंपनीने स्वस्तात कर्ज काढून नाणी घेतली असतील तर भाव चढताना तिचा शेअर नाण्यापेक्षा वेगाने चढतो आणि स्वतः कर्ज न काढता कर्जाचा जोर हवा असलेल्यांना ते सोयीचे वाटते. तिसरे कारण सर्वांत नाजूक आहे: शेअरमागची नाणी पुढेही वाढत राहतील, या अपेक्षेने लोक जादा भाव देतात आणि लोक जादा भाव देतात म्हणूनच ती नाणी वाढू शकतात. अपेक्षा ढळली की आधारही ढळतो.

कर्जाची बाजूही पाहण्यासारखी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोस्ट्रॅटेजीने ३०० कोटी डॉलरचे, २०२९ मध्ये मुदत संपणारे परिवर्तनीय रोखे चक्क शून्य टक्के व्याजाने विकले. परिवर्तनीय रोखा म्हणजे असे कर्ज, की जे ठरलेल्या भावाने शेअरमध्ये बदलून घेण्याचा हक्क कर्ज देणाऱ्याला असतो. घेणाऱ्यांत हेज फंडांचा, म्हणजे बड्या गुंतवणूकदारांसाठी गुंतागुंतीचे डाव खेळणाऱ्या निधींचा, भरणा होता आणि त्यांना बिटकॉइनच्या भवितव्याशी फारसे देणेघेणे नव्हते. ते एका हाताने रोखे घेतात आणि दुसऱ्या हाताने तेच शेअर उसने घेऊन विकतात. शेअर जितका वरखाली हेलकावे खाईल, तितकी त्यांना दोन्हींचा मेळ पुन्हा पुन्हा घालून कमाई करता येते. या शेअरइतके हेलकावे खाणारा दुसरा मोठा शेअर मिळणे अवघड, म्हणून ते व्याजावर पाणी सोडायला तयार झाले. इतर कोणत्याही व्यवसायात जो अवगुण मानला असता, तोच इथे भांडवल उभे करण्याचे साधन झाला.

ही कृती एकदा उघड झाल्यावर ती एकाच कंपनीपुरती राहणे शक्य नव्हते. टोकियोच्या शेअर बाजारातील मेटाप्लॅनेट ही मूळची हॉटेल व्यवसायातली कंपनी एप्रिल २०२४ मध्ये या मार्गाला लागली आणि दीड वर्षाच्या आत तिच्याकडे ३०,००० हून अधिक नाणी झाली. टेदर, सॉफ्टबँक आणि कँटर या गटांनी मिळून एप्रिल २०२५ मध्ये ट्वेंटी वन कॅपिटल ही कंपनी जाहीर केली. तिला आधी धंदा आणि मग नाणी असा प्रवासही करावा लागला नाही, ४२,००० नाण्यांनिशी उभे राहायचे हाच तिचा आराखडा होता. व्हिडिओ गेम विकणाऱ्या गेमस्टॉपने ४,७१० नाणी घेतली. बिटकॉइनमध्ये जागा अडते आहे असे दिसल्यावर काहींनी इथेरियम या दुसऱ्या जाळ्याचे इथर हे नाणे निवडले. बिटमाइन या कंपनीने तर इथरच्या एकूण पुरवठ्यापैकी पाच टक्के गोळा करण्याचे लक्ष्य जाहीर केले. इथर जाळ्यात गुंतवून ठेवल्यास थोडा मोबदला मिळतो, बिटकॉइन नुसते ठेवून काहीच मिळत नाही, एवढा फरक आहे. बाकी गणित तेच.

या गर्दीत काय घडू शकते याचा नमुना म्हणून शार्पलिंक गेमिंगकडे पाहावे. ऑनलाइन जुगाराच्या जाहिरात-व्यवसायातल्या या छोट्या कंपनीने मे २०२५ मध्ये खासगी गुंतवणूकदारांकडून ४२.५ कोटी डॉलर उभे करून इथर घेणार असल्याचे जाहीर केले आणि इथेरियमचे एक सहसंस्थापक जोसेफ लुबिन तिचे अध्यक्ष होणार असल्याचेही सांगितले. शेअर काही दिवसांत कित्येक पटींनी चढला. जूनमध्ये त्या खासगी गुंतवणूकदारांना आपले शेअर पुढे विकता यावेत म्हणून नियमाप्रमाणे नोंदणी दाखल झाली आणि शेअर एका झटक्यात निम्म्याहून खाली आला. कंपनीने यात बेकायदा काही केले नव्हते. पण घोषणा ऐकून चढ्या भावाने शिरलेला सामान्य गुंतवणूकदार आणि स्वस्तात आधीच आत बसलेला खासगी गुंतवणूकदार यांच्यातले अंतर त्या दिवशी उघडे पडले.

म्हणजे ही चढाओढ वरवर नाण्यांसाठी दिसत असली तरी ती मुख्यतः जादा भाव देणाऱ्या भागधारकासाठी आहे. नाणी बाजारात कोणालाही मिळतात. दोनशे डॉलर मोजायला तयार असलेला माणूस मात्र मोजकाच असतो आणि त्याच्यासमोर एकाच तऱ्हेच्या शंभर कंपन्या उभ्या राहिल्या की त्याने एकीलाही जादा पैसे देण्याचे कारण उरत नाही. साठ्याच्या क्रमवारीत वरचा क्रमांक मिळवण्याची धडपड, नव्या खरेदीची दर सोमवारी होणारी घोषणा, हे सारे त्याचे लक्ष टिकवण्यासाठी चालते. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर अशा अनेक शेअरांचे गुणोत्तर एकाच्या खाली घसरले, ते केवळ नाण्यांचा भाव पडला म्हणून नव्हे. स्पर्धकांची संख्या वाढली, हेही त्यामागे होते.

आता भावाकडे येऊ. नव्या नाण्यांचे उत्पादन निम्मे करणाऱ्या एप्रिल २०२४ मधल्या कपातीनंतर दिवसाला सुमारे ४५० नवी बिटकॉइन निर्माण होतात, म्हणजे आठवड्याला सव्वातीन हजारांच्या आत. त्या तुलनेत नोव्हेंबर २०२४ च्या एका आठवड्यात एकट्या मायक्रोस्ट्रॅटेजीने ५१,७८० आणि लगेच पुढच्या आठवड्यात ५५,५०० नाणी घेतल्याचे कळवले. त्याच सुमारास भाव ८० हजारांच्या आसपासून लाखाच्या उंबरठ्यावर पोचला. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कार्यकारणभाव सिद्ध झाल्यासारखा वाटतो. पण ५ नोव्हेंबरला अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक डोनाल्ड ट्रम्प यांनी जिंकली होती, क्रिप्टोला अनुकूल धोरणाच्या आशेने सगळाच बाजार धावत होता आणि ईटीएफमध्येही पैसा येत होता. यात कंपनीच्या खरेदीचा वाटा किती, हे त्या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही.

२०२५ हे वर्ष या बाबतीत अधिक बोलके आहे. वर्षाच्या आरंभी या कंपनीकडे ४ लाख ४७ हजार ४७० नाणी होती, अखेरीस सुमारे ६ लाख ७२ हजार. म्हणजे वर्षभरात तिने सव्वादोन लाखांच्या वर नाणी घेतली. त्याच वर्षात जगभर नव्याने निघालेली बिटकॉइन सुमारे १ लाख ६४ हजार. एका खरेदीदाराने सगळ्या नव्या उत्पादनापेक्षा जास्त माल उचलला, शिवाय इतर कंपन्या आणि ईटीएफ होतेच. तरीही भाव वर्षाच्या सुरुवातीला होता त्यापेक्षा काहीसा खालीच बंद झाला. मधल्या काळात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने १ लाख २६ हजार डॉलरचा उच्चांक गाठला होता, हे खरे. पण तो टिकला नाही.

याचे उत्तर असे, की भाव नव्या उत्पादनाच्या तुटवड्यावर ठरत नाही. जवळजवळ दोन कोटी नाणी आधीच निघालेली आहेत आणि त्यांचे मालक कोणत्या भावाला विकायला राजी होतात, यावर भाव ठरतो. काही सेंट किंवा काही डॉलरला नाणी घेऊन दहाबारा वर्षे स्वस्थ बसलेल्यांना लाखाचा आकडा विकण्यासाठी पुरेसा वाटला. जुलै २०२५ मध्ये गॅलक्सी डिजिटल या संस्थेने बिटकॉइनच्या आरंभकाळापासूनच्या एका गुंतवणूकदाराची ८० हजारांहून अधिक नाणी विकून दिल्याचे जाहीर केले. रक्कम ९०० कोटी डॉलरच्या वर होती आणि बाजार जरासा हलून पुन्हा सावरला. एवढा माल पचला, त्याला कंपन्या आणि ईटीएफ यांची मागणी बाजारात होती, हे एक कारण मानावे लागेल. कंपन्यांच्या खरेदीचा परिणाम भाव वर ढकलण्यात जितका दिसतो, त्याहून अधिक तो अशा विक्रीखाली भाव कोसळू न देण्यात झाला असावा, असे माझे मत आहे. शिवाय मोठ्या खरेद्या बऱ्याचदा खुल्या एक्स्चेंजवर होत नाहीत. मध्यस्थांमार्फत मोठ्या विक्रेत्याशी परस्पर सौदा होतो, त्यामुळे खरेदीचा पहिला धक्का भावाला जाणवतही नाही. सोमवारी घोषणा होते तेव्हा व्यवहार होऊन गेलेला असतो. त्या घोषणेवर धावून जाणारा माणूस शिळ्या बातमीवर पैसे लावतो.

या खरेदीचा खरा दोष तिच्या वेळेत आहे. २०२२ मध्ये बिटकॉइन वर्षारंभीच्या ४६ हजार डॉलरवरून १७ हजारांच्या खाली आले, म्हणजे श्रद्धावंतासाठी ते स्वस्ताईचे वर्ष होते. त्या संपूर्ण वर्षात मायक्रोस्ट्रॅटेजीच्या साठ्यात भर पडली जेमतेम आठ हजार नाण्यांची. २०२४ मध्ये भाव दुपटीहून अधिक झाला आणि भर पडली सुमारे २ लाख ५८ हजारांची. सेलर यांची निष्ठा २०२२ मध्ये कमी झाली होती असे नाही; शेअरला जादा भाव मिळत नव्हता, स्वस्त कर्जही मिळत नव्हते, म्हणून इंजिन बंद होते. ज्या मागणीकडे भावाचा कायमचा आधार म्हणून बोट दाखवले जाते, ती मागणी भाव चढताना फुगते आणि पडताना नाहीशी होते.

गुणोत्तर एकाच्या खाली गेले तर काय होते, हेही आपल्या काल्पनिक कंपनीवर तपासून पाहता येईल. शंभर डॉलरच्या नाण्यांमागचा शेअर आता ७० डॉलरला मिळतो आहे असे धरू. दहा लाख नवे शेअर विकून ७ कोटी डॉलर, म्हणजे ७०० नाणी मिळतील. दर हजार शेअरमागे नाणी एकवरून ०.९७ वर येतील. म्हणजे खरेदी करणे तोट्याचे झाले. याउलट ७०० नाणी विकून त्या पैशांत आपलेच दहा लाख शेअर परत घेतले तर ९,३०० नाणी आणि ९० लाख शेअर उरतात आणि हजार शेअरमागचे प्रमाण १.०३ होते. 'शेअरमागची नाणी वाढवा' या ज्या कसोटीने कंपनीला खरेदी करायला लावले, तीच कसोटी आता तिला विकायला सांगते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईटीएचझिला या कंपनीने सुमारे ४ कोटी डॉलरचे इथर विकून स्वतःचे शेअर परत घ्यायला सुरुवात केली, ती याच हिशोबाने. पुढच्याच महिन्यात सेक्वान्स या चिप बनवणाऱ्या कंपनीने ९७० बिटकॉइन विकून आपल्या कर्जाचा निम्मा भाग फेडला. स्ट्रॅटेजीचे मुख्याधिकारी फाँग ली यांनीही गुणोत्तर एकाच्या खाली गेले आणि भांडवलाचा दुसरा मार्ग उरला नाही, तर नाणी विकण्याचा विचार करावा लागेल, हे तेव्हा मान्य केले. कंपनीच्या 'कधीच विकणार नाही' या घोषणेवर ज्यांनी आपले गणित बेतले होते, त्यांच्यासाठी हा बदल लहान नव्हता.

अशा जादा भावाचा शेवट बाजाराने याआधी एकदा पाहिलेला आहे. ग्रेस्केल या अमेरिकी गुंतवणूक कंपनीच्या बिटकॉइन ट्रस्टमध्ये नाणी जमा करून शेअर मिळवता येत, पण शेअर देऊन नाणी परत मिळत नसत. शेअर नाण्यांपेक्षा महाग होता तोवर मोठे फंड बिटकॉइन घेऊन ट्रस्टमध्ये भरत आणि ठरलेल्या मुदतीनंतर शेअर चढ्या भावाने विकत. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस हा जादा भाव संपला, ती मागणी थांबली आणि डिसेंबर २०२२ मध्ये हाच शेअर त्यामागच्या नाण्यांच्या जवळपास निम्म्या किमतीला मिळत होता. थ्री ॲरोज कॅपिटल हा २०२२ मध्ये बुडालेला फंड या शेअरांच्या मोठ्या धारकांपैकी एक होता.

हिशेबाच्या नियमांनीही चित्र भडक केले आहे. पूर्वी अमेरिकी कंपन्यांना नाण्यांची किंमत घटली तर तोटा दाखवावा लागे, वाढली तर नफा दाखवता येत नसे. २०२५ पासून बाजारभावानुसार दोन्ही दाखवावे लागतात. परिणामी स्ट्रॅटेजीने त्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत बिटकॉइनवर ५९१ कोटी डॉलरचा तोटा दाखवला आणि दुसऱ्या तिमाहीत १,४०५ कोटी डॉलरचा नफा. दोन्ही कागदावरचे. तिच्या सॉफ्टवेअर व्यवसायाचा संपूर्ण वर्षाचा महसूल २०२४ मध्ये ४६ कोटी डॉलर होता.

हा शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे, कारण नुसती पडून राहिलेली नाणी व्याज देत नाहीत आणि कंपनीने मात्र २०२५ मध्ये आठ ते दहा टक्के लाभांश देणारे अग्रहक्क शेअर, म्हणजे साध्या शेअरच्या आधी ठरलेला लाभांश मिळणारे शेअर, मोठ्या प्रमाणावर विकले आहेत. त्यांना परतफेडीची तारीख नाही, पण लाभांशाची रक्कम सॉफ्टवेअरच्या कमाईतून निघण्यासारखी नाही. म्हणून डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला कंपनीने साधे शेअर विकून १४४ कोटी डॉलरची रोख राखीव रक्कम बाजूला काढल्याचे सांगितले. रोख रक्कम जपून ठेवणे घातक आहे, या विचारावर उभ्या राहिलेल्या धोरणाला रोख रक्कमच जपून ठेवावी लागली. शून्य व्याजाचे ते ३०० कोटी डॉलरचे रोखे साधारण ६७२ डॉलर या भावाने शेअरमध्ये बदलता येतात आणि २०२५ संपताना शेअर त्याच्या चौथ्या हिश्शाच्याही खाली होता. तो तिथेच रेंगाळला तर धारक शेअर घेणार नाहीत, रोख पैसे मागतील. तसे मागण्याचा हक्क त्यांना मुदतीच्या आधी, जून २०२८ मध्ये मिळतो.